बाईंचा आवाज बसला तेव्हा

आलापल्लीत ज्योत्स्ना मोहुर्लेंच्या अंगणवाडीचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. तिथली पोरं गप बसत. दारातून डोकावलं तर भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेली, हाताची घडी घातलेली. बाईंनी नुसती मान वळवली की 'अ अननसाचा' सुरू होई आणि थेट 'ज्ञ'पर्यंत जाऊनच थांबे. सव्वीस जानेवारीला त्यांची चार वर्षांची पोरं अख्खी कविता हातवाऱ्यांसकट म्हणत आणि पाहणाऱ्या आयांच्या डोळ्यांत पाणी येई.

बाई कडक नव्हत्या असं नाही, पण त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. शेंबूड पुसणं, केस विंचरून देणं, रडणाऱ्याला मांडीवर घेणं, सगळं त्या करत. फक्त त्यांचा एक हिशेब पक्का होता. आईनं पोर आपल्याकडे पाठवलं, तर दुपारी घरी जाताना त्याच्याबरोबर काहीतरी गेलं पाहिजे. एखादं अक्षर, एखादी कविता. खेळायला काय, पोरं गल्लीतही खेळतात.

हा हिशेब त्यांच्या लहानपणातून आला होता. माहेर आरमोरीकडचं, धान पिकवणारं. पाच भावंडांत ज्योत्स्ना थोरली. आई धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावत, रोवणीला वाकलेली आणि बांधावर ज्योत्स्ना, कडेवर कोणीतरी धाकटं. बाकीच्या पोरी खड्यांनी बिट्ट्या खेळत, ती पाहत उभी राही. खेळणं म्हणजे रिकामं राहणं आणि रिकामं दिसलं की आईची बोलणी, एवढंच तिला ठाऊक. शिकली म्हणून ती त्या बांधावरून सुटली. म्हणून शिकण्यावर तिचा जीव होता आणि खेळण्याबद्दल मनात काही नव्हतं, बरं नाही की वाईट नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात अंगणवाडीच्या खोलीची फरशी खालून फुगली. ओल वर आली, भिंतीवरचे तक्ते गळून पडले. दिवाळीनंतर दुरुस्ती मंजूर झाली आणि तोवर पोरांना कुठे बसवायचं हा प्रश्न आला. मदतनीस गुणाबाईनं तोडगा काढला. शेजारीच इब्राहीमभाऊंचं लाकडाचं काम होतं. दारं, चौकटी, खाटा करणारा जुना कारागीर माणूस. त्यांच्या अंगणात टिनाचं एक मोकळं शेड होतं आणि त्यांचा नातू अजीम अंगणवाडीतच होता. इब्राहीमभाऊ आधी नको म्हणाले. पोरं लाकडं उचलतात, हात कापून घेतात, मग बोल आपल्याला. शेवटी सुनेनं गळ घातली तेव्हा तयार झाले. कामाची खोली त्यांनी फळ्या ठोकून बंद करून घेतली, आत कुणी जायचं नाही असं बजावलं आणि शेड दिलं.

तक्ते, पाट्या, चित्रांची पुस्तकं असं सगळं सामान जुन्या खोलीत कुलपात राहिलं. शेडमध्ये होतं काय? एका कोपऱ्यात भुशाचा ढीग. दुसऱ्या कोपऱ्यात कापून उरलेले सागाचे लहान-मोठे गुटके, चुलीसाठी रचून ठेवलेले. अंगणातून हापशीच्या पाण्याची एक नाली वाहायची. आणि फळीपलीकडे दिवसभर लाकूड कापायची मशीन.

बाईंनी पोरांना ओळीत बसवलं आणि सुरू केलं. मशीन कर्र करायला लागली की त्यांचा 'अननस' कुणाला ऐकू जाईना. त्या आवाज चढवत, मशीन थांबे, मग एकट्या त्याच ओरडत असल्यासारख्या वाटत. आठवडाभर हे चाललं. एका सकाळी त्या उठल्या तर तोंडातून नुसती हवा. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सांगितलं, सूज आहे, बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त बिघडतं. किती दिवस, तर आवाज आपोआप येईतोवर.

बदली बाई मिळाली नाही. गुणाबाईच्या अंगावर खिचडी, पाणी, पोरांची नेआण. ज्योत्स्नाबाईंनी घरी बसावं म्हटलं तर अंगणवाडी बंद. त्या आल्या, शेडमध्ये खुर्ची टाकली आणि बसल्या. पोरांनी थोडा वेळ हाताची घडी घालून वाट पाहिली. काहीच येत नाही म्हटल्यावर अजय नावाचा एक गुबगुबीत पोरगा उठला, भुशाच्या ढिगाकडे गेला आणि त्यात बसला. मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे वटारले. ते अजयला पुरेसं वाटलं नाही. मग एकेक करून सगळीच गेली.

पहिल्या दिवशी बाईंचा जीव नुसता तडफडला. भुसा केसांत, भुसा नाकात, दोघं रडतात, तिघं भांडतात. त्या उठत, हात हलवत, पुन्हा बसत. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला कागदावर लिहून दाखवलं, "बाजार भरला होता."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुशाची नवलाई संपली आणि पोरं गुटक्यांकडे वळली. त्यांच्यात मैनी होती. लालसूची पोरगी. लालसू भामरागडकडचा, वनविभागाच्या लाकूड डेपोत मजुरीला आला होता. घरी माडियाच बोलायचे. मैनी वर्षभर अंगणवाडीत येत होती आणि वर्षभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी तिच्यासाठी खूप केलं होतं. समोर बसवलं, बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. पोरगी मुकी असावी, तपासायला पाठवावी, असं त्यांच्या मनात पक्कं होत आलं होतं.

मैनीनं गुटके वेचायला सुरुवात केली. जाड एकीकडे, बारीक एकीकडे, लांब वेगळे. मग जाडांची एक थप्पी रचली, दोन्ही बाजूंना काड्या उभ्या रोवल्या, थप्पी घसरू नये म्हणून. बाईंना क्षणभर कळेना हे काय आहे, मग कळलं. हा डेपो होता. बापाच्या डेपोत सागाचे लठ्ठे जसे लावतात, तसे. अजय जवळ आला आणि मदत म्हणून एक बारीक काडकं त्यानं जाडांच्या थप्पीवर ठेवलं.

"हिल्ले," मैनी म्हणाली.

स्पष्ट, खणखणीत. तिच्या बोलीत त्याचा अर्थ नाही, असं नसतं. अजयनं काडकं उचललं, बारकांच्या थप्पीवर ठेवलं. ते आडवं पडलं. पुन्हा 'हिल्ले.' मग त्यानं नीट लावलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. तोंडाशी आलेलं 'अगं, बोल ना पुन्हा' बाहेर पडलंच नाही, कारण आवाजच नव्हता. पुढे त्या पुष्कळदा म्हणत की त्या दिवशी आवाज असता तर घोळ झाला असता. मी धावत गेली असती, तिले कडेवर घेतली असती, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या असत्या आणि पोरगी पुन्हा आपल्या बिळात गेली असती.

तसं झालं नाही म्हणून चार दिवसांत शेडमधली सगळी पोरं 'हिल्ले' म्हणू लागली. खिचडी नको, हिल्ले. हात धुवायचे, हिल्ले. गुणाबाई वैतागली. आणि तिकडे मैनीच्या तोंडून 'दे', 'माह्या', 'तू आण', 'असं नाई' असे तुकडे पडू लागले. तिला ते कुणी शिकवले नव्हते. डेपो चालवायचा तर मजुरांशी बोलावं लागतं, आणि मजूर मराठीतले होते.

डेपोतून लाकूड बाहेर न्यायचं तर मधे नाली आली. तिच्यावर पूल हवा. अजय आणि उर्वशी त्या कामाला लागली. उर्वशी ही वॉर्डातल्या निशाची मुलगी, वर्गातली सगळ्यांत हुशार गणलेली, सगळ्या कविता पाठ. दोघांनी एक फळीचा तुकडा टाकला, तो छोटा पडला आणि पाण्यात गेला. दुसरा टाकला, तोही गेला. तिसरा दोन्ही काठांना जेमतेम टेकला, पण वर लाकूड ठेवताच उलटला. मग एका रुंद फळीवरून दोघांची झोंबाझोंबी सुरू झाली. दोघांच्या हातात एकेक टोक, दोघं लाल. बाई सवयीनं उठल्या. अशा वेळी त्या वस्तू काढून घेत आणि दोघांना दोन कोपऱ्यांत बसवत. पण त्या दिवशी कंबर धरली होती, उठायला वेळ लागला, आणि तेवढ्यात उर्वशी म्हणाली, "तू तिकडून धर, मी इकडून." दोघं दोन काठांवर गेली. फळी आडवी बसली. तरी डोलत होती. उर्वशीनं मातीचा गोळा करून टोकाखाली दाबला. अजयनं पाहून तसंच केलं. पूल राहिला.

ज्या पोरीला बाईंनी आजवर 'काय करायचं?' असं कधी विचारलंच नव्हतं, कारण सांगितलेलं सगळं ती चोख करायची, ती उर्वशी त्या पुलाशेजारी उकिडवी बसून होती आणि चेहरा असा झाला होता की बाईंना तो ओळखीचा वाटेना.

मग हत्तीची अडचण आली. कमलापूरचे हत्ती या भागातल्या पोरांना पाठ. पूर्वी हे हत्ती जंगलातून लाकूड ओढत, हे प्रत्येकानं आज्याकडून ऐकलेलं. अजीमचं म्हणणं पडलं की मोठं लाकूड माणूस उचलत नाही, हत्ती उचलतो. हत्ती कोण होणार? अजीम झाला तर गुडघे दुखतात म्हणून पळाला. अजयला गुडघ्यांवर चालता येईना. मग मैनी उठली, बाईंच्या खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या पदराला धरून ओढलं.

"येनी," तिनं सांगितलं आणि बाईंकडे बोट केलं.

"हत्ती म्हणते ते," अजीमनं अर्थ फोडला. "बाई हत्ती. हत्ती बोलत नाई."

गुणाबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. ज्योत्स्नाबाईंचं वय पंचेचाळीसच्या पुढे, साडी नीटनेटकी, वॉर्डात मान. त्यांनी पदर खोचला आणि भुशात गुडघे टेकले. मैनीनं त्यांच्या पाठीवर एक गुटका ठेवला. बाई चालू लागल्या. पुलाजवळ पोरांनी त्यांना बाजूनं वळवलं, पूल हत्तीच्या वजनानं मोडेल म्हणून. हे पोरांनी आपसांत ठरवलं, त्यांना कुणी विचारलं नाही. पलीकडे लाकूड उतरवलं, पाठीवर थाप मारली, पुन्हा परत. किती फेऱ्या झाल्या त्यांनी मोजल्या नाहीत. गुडघे सोलवटले होते आणि घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण घड्याळ पाहिलं नाही. रात्री नवऱ्याला त्यांनी यातलं काही लिहून दाखवलं नाही. कसं लिहायचं तेच सुचेना.

इब्राहीमभाऊ हे सगळं फळीच्या फटीतून पाहत. पहिल्या आठवड्यात चुलीचे गुटके पोरांनी उधळले म्हणून त्यांनी गुणाबाईला सुनावलं होतं. एके सकाळी बाई आल्या तर ते शेडमध्ये बसून गुटक्यांच्या कडा घासत होते. "सागाची फास बोटात घुसली तर पिकते," एवढंच म्हणाले. "मशीन मी दुपारनंतरच चालवून राह्यलो आता. सकाळचं रंध्याचं काम करतो." त्यांच्या बोलण्यात कुठेही कौतुक नव्हतं. पण नंतर चुलीला त्यांनी दुसरी लाकडं आणली.

आवाज हळूहळू येत होता, घोगरा, तुटका, तेव्हा निशा आली. उर्वशीच्या डोक्यात रोज भुसा निघायचा. रोज संध्याकाळी ती पोरीला विचारायची, आज काय शिकवलं? आणि उर्वशी सांगायची, काई नाई, खेळलो. निशा दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, खेळवायलेच ठेवायचं असतं तर घरीच ठेवली असती ना मी."

ज्योत्स्नाबाईंनी खुर्ची दिली. निशानं बसून घेतलं, पण बोलणं सोडलं नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी दहावीत इंग्रजीतच गेली. घरच्यांनी म्हटलं बस झालं, आणि लगन लावून देलं. मले मालूम आहे, शिकलं नाई तर काय होते. तुमच्याकडे पोरं शिकतात म्हणून मी इथी टाकली तिले. आता ते एबीसीडी बी विसरून राह्यली."

महिनाभरापूर्वी ज्योत्स्नाबाई स्वतः हेच बोलल्या असत्या. त्यांनी निशाला थोडा वेळ थांबायला सांगितलं. पोरं त्या दिवशी दुकान मांडून बसली होती. उर्वशी दुकानदार. भुसा म्हणजे साखर, नारळाची करवंटी म्हणजे माप. अजय दोन करवंट्या साखर मागत होता. पिशवी एकच करवंटीची आहे, बाकीची सांडेल, असं उर्वशी त्याला समजावत होती, मग मोठी पिशवी आण, नाहीतर दोनदा ये. मैनीचा नंबर आला तेव्हा तिनं 'एर' मागितलं. उर्वशीनं पाण्याचा डबा पुढे केला आणि वर म्हणाली, "सांडू नको, माय." तो निशाचा स्वर होता, हुबेहूब. निशाच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं.

"हे तर ते घरीबी करते," ती म्हणाली.

"मलेबी असंच वाटे," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मले पुरं सांगता येत नाई, निशा. पण इतकी वर्षं मी सांगितलं आणि यायनं म्हटलं. यायच्या डोक्यात काय चालते ते मले कधी दिसलंच नाई. आता दिसून राह्यलं. अक्षरं मी शिकवीन, ते मागं राहत नाईत. पण हेबी मले बंद करवत नाई."

निशानं मान डोलावली. ऐकून घेतलं, पण पटलं नाही. पुढच्या आठवड्यापासून उर्वशी गावातल्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत जाऊ लागली, टाय लावून. तिच्यामागे आणखी दोन घरांनी पोरं काढली. ज्योत्स्नाबाईंना ते लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून कुणी पोर काढून नेलं नव्हतं. आता तर आवाजही परत आला होता, मनात आणलं असतं तर पुन्हा ओळी लावता आल्या असत्या. एक दिवस त्यांनी लावून पाहिल्याही. पोरं बसली, हाताची घडी घातली, कविता म्हणू लागली. मैनी शेवटच्या ओळीत जाऊन बसली आणि ओठ मिटून घेतले. बाईंनी अर्ध्यातच कविता थांबवली आणि पोरांना सोडलं.

मग त्यांनी आपल्यापुरती वाट काढली. सकाळी आधी खेळ, पोरांचा पोरांनी ठरवलेला, त्यात बाईंनी पडायचं नाही, कुणी बोलावलं तरच. खिचडीनंतर गोष्ट, गाणं, थोडी अक्षरं. पाहण्यात काय पाहायचं तेही त्या हळूहळू शिकल्या. कोण एकटं राहतंय, कोण दुसऱ्याचं ऐकतंय, कुणाची बोटं अजून काडी धरताना थरथरतात. ज्याची बोटं गुटके रचून स्थिर झाली त्याला पेन्सिल धरवावी लागत नाही, हे त्यांना अजयकडे पाहून कळलं. वर्षभर त्याचा हात धरून जो 'ग' निघाला नव्हता तो त्यानं होळीच्या सुमाराला भुशात स्वतःच काढला आणि कुणाला दाखवलाही नाही, पायानं पुसून टाकला.

लालसू एकदा डेपोतून परतताना शेडपाशी थांबला. तो कधी थांबत नसे. म्हणाला की पोरगी घरी आता मराठीतून रागावते, आणि तिची माय हसते. मग गुटक्यांच्या थप्प्या नीट निरखून, आपल्या वाटेनं गेला.

उर्वशी दुपारी यायची. नर्सरी सुटली की टाय काढून पिशवीत कोंबायची आणि इब्राहीमभाऊंच्या अंगणात हजर. अंगणवाडी सुटली तरी अजीम आणि आसपासची पोरं तिथं असायचीच. पहिले काही दिवस चोरून, मग निशाच आणून सोडू लागली. ती आत येत नसे. फाटकाशी उभी राहून, भांडी घासत बसलेल्या गुणाबाईशी दोन शब्द बोलायची आणि पोरीला म्हणायची की अंधार पडायच्या आत यायचं. नर्सरीतून मात्र तिनं तिला काढलं नाही. तिथं उर्वशीचं बरं चाललं होतं, आणि ज्योत्स्नाबाईंनीही तो विषय कधी काढला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी खोली तयार झाली. नवी फरशी, नवा रंग. बाकी होतं ते अंगण. ठेकेदाराचा माणूस सिमेंटचे ठोकळे घेऊन आला होता, सगळं अंगण बसवून देतो म्हणाला, चिखल नको, पोरांचे कपडे खराब नको. वॉर्डातल्या बायका पाहायला जमल्या होत्या, निशाही होती. ज्योत्स्नाबाईंनी त्याला दारापासून हापशीपर्यंतची पायवाट दाखवली आणि तेवढ्यावर बसवा म्हणाल्या. बाकी मोकळं राहू द्या. त्या माणसाला वाटलं बाईंना काम कळलेलं नाही. तो समजावू लागला की मातीत विंचू निघतात, पाणी साचतं.

"पाणी साचलं पाह्यजे," बाई म्हणाल्या.

बायकांत थोडी चुळबुळ झाली. एकदोघी पुटपुटल्या, फुकट मिळते तर काऊन नाई म्हणता. मग निशा त्या माणसाला म्हणाली, झाडाखाली तरी ठेवा मोकळं, सावली आहे तिथी. तिच्या कडेवर तिचा धाकटा होता, दीड-दोन वर्षांचा, हात खाली करून मातीकडे झेपावणारा. शेवटी कडुनिंबाखालचा आणि हापशीजवळचा भाग मातीचा राहिला, बाकी ठोकळे बसले. ज्योत्स्नाबाईंना पूर्ण अंगण मिळालं नाही, पण झालं तेवढं झालं.

इब्राहीमभाऊंनी दोन पोती गुटके हातगाडीवर घालून स्वतः ओढत आणले, झाडाखाली रिकामे केले आणि पोती झटकून परत नेली. मैनी पुढच्या वर्षी पहिलीत गेली. गुरुजींचं म्हणणं की पोरगी बडबडी आहे, वर्गात सगळ्यांना कामाला लावते.

गुणाबाईची तक्रार मात्र कायम आहे. आधी एका बादलीत सगळ्यांचे हात धुवून होत, आता दोन लागतात, आणि पायांचं वेगळं. खिचडी उतरवली की ती ओरडते, आणि झाडाखालून पोरं उठायचं नाव घेत नाहीत. ज्योत्स्नाबाई आणखी थोडा वेळ देतात. मग दुसरी बादली उचलतात आणि हापशीकडे निघतात.